भीतीचा क्रम आणि मरणाचा हिशेब

महाविद्यालयातील तरुणांना नव्या यंत्रविद्येची भीती वाटते, ती अज्ञानातून वाटते काय? कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती सभेपुरतीच. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार बेताचाच. पण धोक्याशी मात्र आमचा रोजचा संबंध आहे.

अमेरिकेत ओरेगन राज्यात यूजीन नावाचे शहर आहे. तेथील पॉल स्लोविक, बारूक फिशहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांपुढे तीस गोष्टींची यादी ठेवली. मोटार, धूम्रपान, क्ष-किरण, पोहणे, अणुवीज अशा त्या गोष्टी. धोक्याप्रमाणे क्रम लावा म्हणताच विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिली ठेवली. जोखमीच्या तज्ज्ञांनी मोटारीला पहिला क्रमांक दिला आणि अणुविजेला विसावा. क्ष-किरण तज्ज्ञांच्या लेखी सातवे, मुलांच्या लेखी सतरावे. पोहणे तर मुलांनी पार तळाला टाकले. बुडून मरणे त्यांना नवे वाटत नसावे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, पोरे अडाणी. परंतु खरी मौज पुढेच आहे. सामान्य वर्षात कशाने किती माणसे मरतात, असे विचारले तेव्हा याच मुलांनी अणुविजेचा आकडा सर्वांत लहान सांगितला! म्हणजे मरणाचा हिशेब त्यांना समजत होता. तज्ज्ञांचा क्रम बहुतांशी वर्षाच्या मृत्युसंख्येवर चालला. मुलांनी आणखी काही विचारात घेतले. एकदा बिघडले तर एका दमात किती जातील? धोका डोळ्यांना दिसतो काय? तो आपण पत्करला, की कोणी आपल्यावर लादला?

हे प्रश्न पोरकट नव्हेत. भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात १९८१ साली फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. वर्षाचा हिशेब मांडला असता तर आकडा आला असता, एक. कामगार संघटनांनी ओरड केली होती. पुढे १९८४ च्या डिसेंबरात एका रात्रीत काय झाले, ते आपण जाणता. मेले ते बहुतेक कारखान्याबाहेर झोपलेले लोक होते.

तथापि मुलांचेही एका ठिकाणी चुकते. ओळखीच्या धोक्याची त्यांना भीती उरत नाही. आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणारी पोरे यांत्रिक हाताजवळ जपून उभी राहतात आणि जुन्या पॉवर प्रेसचा गार्ड मात्र बेलाशक काढून ठेवतात. गार्ड असला की नग कमी पडतात, हेही खरे. चॉन्सी स्टार या अभियंत्याने १९६९ साली मांडले होते की, लादलेल्या धोक्यापेक्षा स्वखुशीचा धोका माणसे सुमारे हजारपट सोसतात. बोटे गेलेल्या एका मुलाच्या चौकशीत आम्ही बसलो होतो. गार्ड त्याने स्वखुशीने काढला, असे कागदावर लिहिले होते. दिवसाला किती नग द्यायचे ते कोणी ठरवले, हा रकाना त्या कागदात नव्हता.