पंचांचा निर्णय अंतिम, वाद मात्र चालूच

३ मार्च २०२३. बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची बाद फेरी. एकच सामना, हरेल तो थेट घरी. बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत, ९६व्या मिनिटाला, बॉक्सच्या जरा बाहेर बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळची पोरं अजून भिंत लावायच्या गडबडीत होती, गोलरक्षक जागेवर नव्हता. तेवढ्यात सुनील छेत्रीने अलगद चेंडू उचलला आणि जाळ्यात टाकला. शिट्टीची कुणी वाट पाहिली नाही. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी हरकत घेतली आणि संघालाच मैदानाबाहेर बोलावलं. संघ परत आला नाही. बराच वेळ थांबून सामना बेंगळुरूने १-० असा जिंकल्याचं जाहीर झालं. सामना पुन्हा खेळवा ही केरळची मागणी फेटाळली गेली. महिनाअखेरीस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला चार कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

कांतीरवाच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच स्पर्धेचा अंतिम सामना गोव्यात, मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर झाला. एटीके मोहन बागानविरुद्ध पुन्हा बेंगळुरूच. निर्धारित वेळेत २-२, आणि त्या चार गोलांपैकी तीन पेनल्टीचे. बेंगळुरू २-१ ने पुढे असताना ८५व्या मिनिटाला बॉक्सच्या कडेवर मोहन बागानचा कियान नासिरी पडला आणि पंचांनी पेनल्टी दिली. दिमित्री पेत्रातोसने बरोबरी साधली. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये मोहन बागान ४-३ ने जिंकलं. त्या रात्री बेंगळुरू क्लबचे मालक पार्थ जिंदाल यांनी जाहीरपणे म्हटलं की ती पेनल्टी नव्हतीच आणि या लीगला आता व्हिडिओ पंच हवा.

क्लब तोच, महिना तोच. एका सामन्यात पंचांच्या निर्णयाने तरला, दुसऱ्यात बुडाला. पहिल्या निर्णयाला ‘छेत्रीची हुशारी’ म्हणणाऱ्यांना दुसरा निर्णय ‘अन्याय’ वाटला. केरळच्या चाहत्यांना फातोर्ड्याची ती पेनल्टी पाहून काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

एवढं म्हणून हात झटकणं सोपं आहे: चाहते पक्षपाती असतात, हरणारा रडतोच. पण चुरशीच्या सामन्यांतले हे सगळे वाद एकाच जातीचे नसतात. कांतीरवाचा वाद वेगळा, फातोर्ड्याचा वेगळा, आणि दोन वर्षांनी अहिल्यानगरच्या कुस्तीच्या आखाड्यात जे झालं ते तर तिसरंच. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं.

शब्दाचा वाद

आधी कांतीरवा. फुटबॉलचा नियम असा की फ्री किक घेताना प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूपासून किमान ९.१५ मीटर लांब उभं राहायचं. पण ज्याच्यावर फाउल झाला त्याला अंतराची फिकीर न करता झटपट किक घ्यायची मुभा असते, कारण चूक करणाऱ्या संघाला सावरायला वेळ मिळणं हाच त्याचा फायदा ठरला असता. अशा किकला शिट्टीची गरज नसते. मात्र किक घेणाऱ्याने अंतर मागितलं, किंवा पंचांनी ‘थांब’ म्हणून भिंत मागे सरकवायला घेतली, की मग शिट्टी झाल्याशिवाय चेंडूला पाय लावता येत नाही.

म्हणजे गोल वैध की अवैध, हे चेंडू कुठे गेला यावर ठरत नव्हतं. त्याआधीच्या काही सेकंदांत पंच आणि छेत्री यांच्यात काय बोलणं झालं, यावर ठरत होतं. आपल्याला शिट्टी नको आणि भिंतही नको, असं पंचांना सांगितल्याचं छेत्रीने नंतर सांगितलं. केरळचं म्हणणं, पंच मध्ये पडल्यावर आम्ही शिट्टीची वाट पाहणं साहजिकच होतं. गॅलरीतल्या आणि टीव्हीसमोरच्या लाखोंनी दृश्य पाहिलं. बोलणं कुणाच्याच कानावर पडलं नाही. वीस कॅमेरे लावले असते तरी वाद मिटला नसता. तिथे गरज होती ती आवाजाची.

ही सोय जगात झालेलीच आहे. रग्बीत पंच आणि व्हिडिओ पंच यांचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येतं. क्रिकेटमध्ये तिसरा पंच ‘आधी नो-बॉल बघू, आता बॅटची कड बघू’ असं मोठ्याने म्हणत निर्णयापर्यंत जातो, आणि आपण घरबसल्या त्याच्या सोबत जातो. २०२३ च्या महिला विश्वचषकात फुटबॉलच्या पंचांनी व्हिडिओ तपासणीनंतरचा निर्णय माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगितला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा चांगला गोल व्हिडिओ तपासणी होऊनही रद्द राहिला. मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीत व्हिडिओ पंचांनी ‘तपासणी पूर्ण’ म्हणून टाकलं होतं. नंतर पंचांमधल्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. चूक मोठीच होती, पण ती गोंधळातून झाली, कटातून नव्हे, हे ऐकणाऱ्याला कळलं.

रेषेचा वाद

फातोर्ड्याचा प्रश्न तुलनेने सरळ: धक्का बॉक्सच्या आत लागला की बाहेर? नियमात बॉक्सची रेषा बॉक्सचाच भाग धरली जाते. फाउल रेषेवर झाला तरी पेनल्टी. खेळाडूला बाहेर धरलं आणि ओढत आत आणलं तरी पेनल्टीच. पण फाउल बाहेर झाला आणि खेळाडू नुसता आत जाऊन पडला, तर फक्त फ्री किक. पळत्या पंचाला हा फरक एका नजरेत, तोही खेळाडूंच्या गर्दीतून ओळखायचा असतो. इथे कॅमेरा खरोखर कामाचा.

व्हिडिओ पंच म्हणजे ‘व्हीएआर’ मार्च २०१८ मध्ये फुटबॉलच्या नियमांत आला आणि त्याच वर्षीच्या रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला. पण त्याला सगळ्यात नाक खुपसता येत नाही. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूला कार्ड दाखवणं, मूळ नियमांत या चारच बाबतीत तो बोलू शकत होता. तेही चूक ढळढळीत असेल तर. ‘मला वेगळं वाटतं’ एवढ्यावर निर्णय फिरत नाही. २०२३ मध्ये भारतीय लीगमध्ये ही सोय नव्हती.

कॅमेरा नसण्याची किंमत किती मोठी असते, हे आयर्लंडला विचारावं. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर विश्वचषकाच्या पात्रतेसाठी फ्रान्स-आयर्लंड प्ले-ऑफचा परतीचा सामना होता. जादा वेळेत थिएरी ऑन्रीने चेंडू हाताने अडवला, पास दिला आणि विल्यम गॅलासने गोल केला. घराघरांत तो हात पुन्हा पुन्हा दिसत होता. निर्णय ज्यांना द्यायचा होता त्या पंचांनाच तो दिसला नाही. सामना पुन्हा खेळवायला फिफाने नकार दिला. फिफाने आयर्लंडच्या संघटनेला पन्नास लाख युरो दिले होते, ही गोष्ट २०१५ मध्ये उघड झाली. पैसे मिळाले, विश्वचषक गेला तो गेलाच.

खांद्यांचा वाद

आता आपल्या मातीतला वाद. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगरचं वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम लढत, पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी मोहोळला चितपटीने विजयी ठरवलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद चिघळला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. त्यानंतर मानाच्या गदेसाठी मोहोळविरुद्ध झालेल्या लढतीत महेंद्र गायकवाडने गुणाच्या निर्णयावर हरकत घेतली आणि काही सेकंद उरलेले असताना आखाडा सोडला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड यांचं तीन वर्षांसाठी निलंबन झालं. नंतर चौकशी समिती बसली आणि राक्षेच्या कुस्तीतल्या मुख्य पंचांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. निकाल मात्र तोच राहिला.

इथे प्रश्न वस्तुस्थितीचा होता: खांदे टेकले की नाही? आखाड्याभोवती कॅमेरे होते. पंचही एकटा नव्हता. गादीवरच्या कुस्तीत रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात आणि चितपट धरायला रेफ्रीला इतरांपैकी एकाची संमती लागते. साधनं होती, माणसं होती. राक्षेला हवी होती ती वेळेवर दाद मागण्याची वाट, आणि ती मिळाली नाही असं त्याला वाटलं. लाथ मारणं कोणत्याही सबबीखाली माफ होत नाही. पैलवानाने तर पंचांच्या पाया पडून आखाड्यात उतरायचं असतं. पण समितीने नंतर जे केलं, त्यातलं थोडं त्या रात्री आखाड्यातच झालं असतं, तर महाराष्ट्राने वेगळं दृश्य पाहिलं असतं.

खानदेशातल्या यात्रांच्या दंगली आठवून पाहा. तिथे गुणफलक नसतो. कुस्ती निकाली होते, नाहीतर पंच ती बरोबरीत सोडवतात. पाठ लागली की नाही, हे चारही बाजूंनी खेटून बसलेल्या गावाला दिसतं. शंका आली तर लोक ओरडतात, पंच एकमेकांत बोलतात, कधी दोघांना पुन्हा भिडायला लावतात. दाद मागण्याची ती जागा अनघड होती, पण होती. गुण आले, गादी आली, घड्याळ आलं, तशी ती जागा नियमात लिहून ठेवावी लागली. आणि नियम नुसता लिहून भागत नाही, ऐन वेळी पाळावाही लागतो.

डोळे कुणाचे?

एवढं सगळं केलं तरी चाहते भांडतीलच. अमेरिकेत १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. सामना धसमुसळा, एका बाजूच्या खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. १९५४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही शिकवला जातो. त्या पोरांतलं कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं; त्यांना खरंच तसं दिसत होतं.

पंचही यातून सुटत नाहीत. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पंचांना लिव्हरपूलच्या घरच्या सामन्यातले क्षण दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. गर्दीचा ओरडा पंचांच्या कानात जातो तसा निर्णयातही उतरतो.

मग क्रिकेटमध्ये डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयावर दाद मागायची पद्धत, आल्यावर भांडणं थोडी तरी का निवळली? भारताने सुरुवातीला बरीच वर्षं नाकं मुरडली. २०१६ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून ती पद्धत स्वीकारली. त्यातली ‘अंपायर्स कॉल’ची तरतूद पाहण्यासारखी आहे. चेंडू यष्टीला निसटता लागतोय असं यंत्र म्हणत असेल, तर मैदानावरच्या पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो. म्हणजे यंत्रालाही इथे खात्रीने सांगता येत नाही, हे नियमातच कबूल केलं आहे. लोक त्यावर चडफडतात, पण मैदान सोडत नाहीत. कारण दाद मागायची संधी मिळाली, ती किती वेळा मिळणार हे आधी माहीत होतं, आणि निर्णयापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर होता. हरलेल्या माणसाला निकाल पटावाच लागतो असं नाही. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, एवढं त्याला कळायला हवं.

हे फक्त कोट्यवधींच्या लीगपुरतं नाही. सुब्रतो चषकासारख्या शालेय फुटबॉल स्पर्धेत नंदुरबारचा संघ जिल्ह्यातून नाशिक विभागात आणि तिथून राज्यावर जातो, आणि वाटेतला एक हरलेला सामना म्हणजे वर्ष संपलं. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या शाळेतल्या पोराला व्हीएआर मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. तिथे पंच म्हणजे बहुधा दुसऱ्या शाळेचे क्रीडाशिक्षक, आणि रिप्ले म्हणजे कुणाच्या तरी पालकाच्या मोबाइलवरचं हलतं चित्र. पण बिनखर्चाचे दोन उपाय तिथेही चालतील. पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं. २०२४ च्या युरो स्पर्धेत हाच दंडक होता आणि पंचांभोवतीचा गराडा त्यामुळे आटोक्यात राहिला. आणि पंचांनी मोठा निर्णय देताना दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून कारण एका वाक्यात सांगायचं: ‘फाउल बाहेर झाला, म्हणून फ्री किक.’

सर तरीही चुकतील. कर्णधार मात्र आपल्या पोरांकडे परत जाताना कारण घेऊन जाईल, आणि ‘पंच विकले गेले’ असं म्हणणाऱ्या पालकाला उत्तर द्यायला त्याच्याजवळ एक वाक्य असेल. त्या वाक्यावर वाद घालता येतो. गप्प राहिलेल्या पंचांवर फक्त संशय घेता येतो.