मोठी कंपनी विचारते ‘एसएसओ आहे का?’ – जावा ॲप्लिकेशनवाल्यांनी काय उत्तर द्यायचं



आजचा विषय टेक्निकल आहे, पण शेवटी तो ऑर्डरचाच आहे, म्हणून जरा दम धरून वाचा.

समजा, तुम्ही दोघा-तिघांनी मिळून जावामध्ये एक वेब ॲप्लिकेशन बनवलंय. कारखान्यातल्या मशिनचा मेंटेनन्स कधी झाला, कोणी केला, कुठला पार्ट बदलला, याच्या नोंदी ठेवणारं. छोटे वर्कशॉपवाले पाच-सहा ग्राहक मिळालेत. युजरनेम-पासवर्ड तुमच्याच डेटाबेसमध्ये आहेत, सगळं सुरळीत चाललंय. मग चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीत डेमो होतो. प्लांट हेडला आवडतं, परचेसवाले भाव पाडून घेतात आणि फाइल जाते आयटी डिपार्टमेंटकडे. तिथून एक लांबलचक एक्सेल शीट येते. त्यात एक ओळ असते: ‘एसएसओ सपोर्ट आहे का? सॅमल की ओआयडीसी?’

बरेच जण ‘हो’ लिहून मोकळे होतात आणि रात्री यूट्यूब उघडून बसतात. ‘हो’ लिहायला हरकत नाही, काम जमण्यासारखंच आहे. पण आपण नक्की कशाला हो म्हणतोय ते आधी समजून घ्या. कारण यात एक जागा अशी आहे, जिथे चुकलात तर एका ग्राहकाचा माणूस दुसऱ्या ग्राहकाच्या डेटात शिरू शकतो. छोटा धंदा बसायला असा एक प्रसंग पुरतो.

ते हे का मागतात?

मोठ्या कंपनीत प्रत्येकाला कंपनीचं एक खातं असतं, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं किंवा गुगलचं. माणूस नोकरी सोडून गेला की एचआर आयटीला कळवतं आणि आयटी ते खातं बंद करतं. पण तुमच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड वेगळा असेल, तर तोच माणूस घरी बसून तुमचं लॉगिन पान उघडतो आणि आत जातो. आयटीला पत्ताच नसतो. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम बाहेरच्या व्हेंडरकडे दिलं असलं तरी जबाबदारी मूळ कंपनीवरच आहे. त्यामुळे तो आयटी मॅनेजर मुद्दाम अडवून धरतोय असं समजू नका. त्याची मान अडकलेली आहे.

एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन. एकदा कंपनीच्या खात्यात लॉगिन झालं की बाकीची सॉफ्टवेअर पुन्हा पासवर्ड मागत नाहीत. आणि ‘फेडरेटेड’ म्हणजे माणसाची ओळख एका संस्थेनं तपासायची आणि दुसऱ्या संस्थेनं, म्हणजे तुम्ही, ती मान्य करायची.

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना हे गेटपासवरून लगेच कळेल. गेटवरचा सिक्युरिटीवाला ओळखपत्र बघतो, पास बनवतो, शिक्का मारतो. आत स्टोअरमधला माणूस परत ओळखपत्र मागत नाही. तो पासवर चार गोष्टी बघतो: शिक्का आपल्याच गेटचा आहे का, पास कोणाच्या नावाचा आहे, आपल्याच डिपार्टमेंटसाठी आहे का, आणि वेळ संपलेली नाही ना. तुमचं ॲप्लिकेशन म्हणजे हा स्टोअरमधला माणूस. ग्राहकाची लॉगिन सिस्टीम म्हणजे गेट, तिला आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणतात. पास म्हणजे टोकन. टोकनमध्ये याच चार गोष्टी असतात, त्यांची नावं इश्युअर, सब्जेक्ट, ऑडियन्स आणि एक्स्पायरी. शिक्क्याच्या जागी डिजिटल सही असते.

प्रत्यक्षात काय होतं? युजर तुमची साइट उघडतो, तुम्ही त्याचा ब्राउझर कंपनीच्या लॉगिन पानावर पाठवता, तिथे पासवर्ड-ओटीपी काय असेल ते होतं, आणि ब्राउझर एक छोटा, थोड्याच वेळासाठी चालणारा कोड घेऊन तुमच्याकडे परत येतो. तुमचा सर्व्हर तो कोड थेट प्रोव्हायडरला देऊन त्याबदल्यात टोकन घेतो. पासवर्ड तुमच्याकडे येतच नाही. म्हणजे ‘सर, पासवर्ड विसरलो’ हे फोनही बंद. हा फायदा कोटेशन देताना कुणी धरत नाही, पण मला तो मोठा वाटतो.

सॅमल घ्यायचं की ओआयडीसी?

सॅमल 2.0 हे 2005 चं स्टँडर्ड आहे, एक्सएमएलवर चालतं. ओआयडीसी, म्हणजे ओपनआयडी कनेक्ट, 2014 मध्ये आलं. ते ओऑथ 2.0 वर उभं आहे आणि जेसनमध्ये बोलतं. सुरुवात ओआयडीसीनेच करा. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी (2023 पर्यंत याचंच नाव ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं), गुगल, ऑक्टा, सगळ्यांकडे ते आहे. ग्राहक सॅमलवरच अडून बसला तर स्प्रिंग सिक्युरिटीत त्याचीही सोय आहे. दुसरा मार्ग म्हणजे कीक्लोक हे मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर मध्ये ठेवायचं. ते ग्राहकाशी सॅमल बोलतं आणि तुमच्याशी ओआयडीसी. मात्र मग कीक्लोकचे अपडेट, बॅकअप, रात्री बंद पडलं तर उठणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. एकाच ग्राहकासाठी ही उस्तवार करू नका.

टोकन तपासायचा कोड स्वतः लिहायचा नाही. हुशार पोरं हमखास इथे उत्साह दाखवतात. स्प्रिंग बूट वापरत असाल तर ओऑथ-टू क्लायंटचा स्टार्टर जोडा आणि सेटिंगमध्ये तीन गोष्टी द्या: इश्युअरचा पत्ता, क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट. बाकीचे पत्ते आणि सही तपासायच्या पब्लिक की स्प्रिंग त्या इश्युअरकडून स्वतःच आणतं. स्प्रिंग नसेल आणि सर्व्हर जकार्ता ईई 10 चा असेल, तर त्यातही ओपनआयडी कनेक्टची सोय आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये स्प्रिंगसाठी कीक्लोकचा वेगळा ॲडॅप्टर लावायला सांगतात. त्या वाटेला जाऊ नका, कीक्लोकनेच तो काढून टाकलाय.

सराव मात्र कीक्लोकवरच करा. लॅपटॉपवर डॉकरमध्ये चालवा, एक ‘रेल्म’ बनवा, दोन युजर टाका, लॉगिन करून बघा. मग दुसरं रेल्म बनवा आणि तो दुसरा ग्राहक आहे असं समजा. ही दुसरी पायरी चुकवू नका, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

ग्राहकाच्या आयटीशी देवाणघेवाण थोडीच असते. तुम्ही त्यांना परतीचा पत्ता द्यायचा, ते तुम्हाला वरच्या तीन गोष्टी देणार. सीक्रेट व्हॉट्सॲपवर मागवू नका, समोरच्याचा विश्वास तिथेच उडतो. परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हा फरकसुद्धा चालत नाही. आणि पहिल्या दिवशी नेमकं इथेच घोडं अडतं, कारण तुमचं ॲप्लिकेशन एन्जिन-एक्सच्या मागे असतं. बाहेरून एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. जावाला वाटतं आपण साध्यावरच आहोत, म्हणून ते चुकीचा परतीचा पत्ता पाठवतं आणि प्रोव्हायडर नकार देतो. यावर दोन ठिकाणी काम करायचं. एन्जिन-एक्सने मूळ पत्त्याचे फॉरवर्डेड हेडर पाठवायला हवेत, आणि स्प्रिंग बूटमध्ये ते हेडर मानायची फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी ही सेटिंग चालू हवी.

आता ती धोक्याची जागा

टोकन आलं, सही बरोबर निघाली. आता हा माणूस आपल्या डेटाबेसमधला कोण, हे ठरवायचंय. सगळ्यात सोपं काय? ईमेल बघायचा आणि जुळवायचा. असं करू नका.

ईमेल बदलतो. लग्नानंतर आडनाव बदललं की कंपनी नवा ईमेल देते. सोडून गेलेल्याचा ईमेल वर्षभरानं त्याच नावाच्या नव्या माणसाला मिळू शकतो आणि जुन्याचे सगळे अधिकार त्याच्याकडे जातात. याहून वाईट म्हणजे, काही ठिकाणी ईमेलचा रकाना त्या कंपनीचा ॲडमिन हवा तसा भरू शकतो. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमबाबत नेमकी हीच गोष्ट उघड झाली: कुणीही स्वतःचं वेगळं खातं काढून त्यात दुसऱ्याचा ईमेल भरायचा, आणि जी ॲप्लिकेशन फक्त ईमेल बघून आत सोडत होती, तिथे त्या दुसऱ्याच्या नावाने शिरायचं. सही खरी, शिक्का खरा, माणूस खोटा.

म्हणून ओळख ठेवायची ती इश्युअर आणि सब्जेक्ट या जोडीवर. मायक्रोसॉफ्टकडे टेनंट आयडी आणि ऑब्जेक्ट आयडी ही जोडीही चालते. दिसायला हे लांबलचक आकडे-अक्षरं असतात, पण ती बदलत नाहीत. ईमेल फक्त स्क्रीनवर दाखवायला आणि मेल पाठवायला ठेवा.

दुसरा प्रश्न: हा कोणत्या ग्राहकाचा माणूस? मायक्रोसॉफ्टमध्ये ‘कोणत्याही कंपनीचं खातं चालेल’ अशी सेटिंग असते. ती ठेवलीत तर जगातल्या कुठल्याही कंपनीचं खरं टोकन तुमच्या दारात येणार, आणि कोणती कंपनी आत येऊ शकते ते तुम्हाला टेनंट आयडीच्या यादीवरून तपासावं लागणार. गुगलचं तर आणखी वेगळं आहे. तिथे सगळ्या कंपन्यांचा इश्युअर एकच, आणि साधं जीमेलवालं खातंसुद्धा त्यातूनच येतं. तिथे टोकनमधला ‘एचडी’ हा रकाना बघायचा, त्यात कंपनीचं डोमेन असतं. तो रकाना नसेल किंवा डोमेन तुमच्या ग्राहकाचं नसेल, तर बाहेर.

ग्राहक कोणता हे फक्त टोकनवरून ठरवा, ब्राउझरच्या पत्त्यातल्या नावावरून नाही. आता ती दोन रेल्म काढा. पहिल्यातून लॉगिन करा आणि पत्त्यात दुसऱ्या ग्राहकाचं नाव टाकून बघा. एक जरी पान उघडलं, तरी ते बंद होईपर्यंत डेमोला जायचं नाही.

आणि एक. माणूस कोण, एवढंच एसएसओ सांगतं. त्याला काय करू द्यायचं हे तुम्हीच ठरवायचं. नवा युजर पहिल्यांदा आला की खातं आपोआप बनू द्या, पण सुरुवातीला फक्त बघायचा अधिकार. बाकीचं ग्राहकाच्या ॲडमिनला देऊ दे.

सोडून गेलेल्या माणसाचं काय?

ग्राहकानं ज्याच्यासाठी हे मागितलं, तेच अनेकदा अर्धवट राहतं. एसएसओ बघतं फक्त दारात. माणूस एकदा आत आला की तुमच्या ॲप्लिकेशनचं स्वतःचं सेशन चालू होतं. टॉमकॅटमध्ये काही न करता 30 मिनिटं गेली की सेशन संपतं, पण माणूस क्लिक करत राहिला तर संपतच नाही. त्यात कुणी ‘मला लक्षात ठेव’ची खूण महिनाभरासाठी दिलेली असेल, तर खातं बंद झालेला माणूस महिनाभर आत. म्हणून सेशनला वरची मर्यादा घाला, एका शिफ्टएवढी, आठ तास ठीक. त्यानंतर पुन्हा गेटवर पाठवा. ग्राहकाची सिस्टीम लॉगआउटची सूचना थेट सर्व्हरला पाठवत असेल, तर स्प्रिंग सिक्युरिटी 6.2 पासून ती घेता येते.

त्या ग्राहकासाठी जुनं पासवर्डवालं दारही बंद करा. पुढे एसएसओ आणि मागे पासवर्ड, असं ठेवलं तर सगळी मेहनत वाया. आणीबाणीसाठी एक ॲडमिन खातं ठेवा, मोठ्या पासवर्डचं, ग्राहकाला सांगून.

तारखांचं बघा. मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर क्लायंट सीक्रेट जास्तीत जास्त 24 महिन्यांचं मिळतं. सॅमलचं सर्टिफिकेट तिथे साधारण तीन वर्षांचं असतं, गुगलचं पाच वर्षांचं. ही तारीख उलटली की एका सकाळी त्या कंपनीचा एकही माणूस आत येऊ शकत नाही आणि फोन तुम्हाला येतो. जीएसटी रिटर्नच्या तारखा जिथे लिहिता, तिथेच ही लिहा, महिनाभर आधीच्या आठवणीसकट. सर्व्हरचं घड्याळही इंटरनेटवरून जुळलेलं हवं. स्प्रिंग साधारण 60 सेकंदांचा फरक चालवून घेतं, त्यापुढे खरा पाससुद्धा परत पाठवतं.

पैशाचं? परदेशी सॉफ्टवेअरवाले बरेचदा एसएसओ फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये ठेवतात. माझं मत वेगळं आहे. जोडणी आणि टेस्टिंगचे एकदाच पैसे घ्या, कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकून. सीक्रेट बदलायचं काम एएमसीत धरा. दर महिन्याला दर माणशी जादा पैसे लावू नका, नाहीतर परचेसवाला ‘मग पासवर्डच राहू द्या’ म्हणेल आणि जोखीम तुमच्याकडेच येईल.

चालू करण्याआधी ग्राहकाच्या आयटीवाल्याला शेजारी बसवून तीन टेस्ट घ्या. ज्याला परवानगी आहे तो आत येतो का. त्याच कंपनीतला, पण परवानगी नसलेला माणूस बाहेर राहतो का. आणि तिसरी: एक टेस्ट खातं लॉगिन करून ठेवा, आयटीवाल्याला ते बंद करायला सांगा आणि घड्याळ लावून बघा, किती वेळाने ते तुमच्या ॲप्लिकेशनमधून बाहेर पडतं. जो आकडा येईल तो, कमी असो वा जास्त, त्याच दिवशी मेलवर लिहून त्यांना कळवा.