कपाशीचे बी आणि बाटलीतले रोप



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने पिकांच्या प्रयोगशाळेवर व्याख्यान द्यावे, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा दहावीच्या आतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. पण माझे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये साचेखात्यात होते. कापूस आमच्या घरी रोज त्यांच्या केसांतून आणि भुवयांतून येत असे. तो कापूस ज्या बियापासून येतो ते बी कोण घडवितो, हे मात्र मला पन्नाशीत कळले. आणि तेही भांडायला गेलो म्हणून.

एका प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणाऱ्या लातूरकडच्या एका मुलीला घरी बसविण्याचे ठरले होते. आरोप दोन. तिच्या हातच्या बाटल्यांचा एक घाणा बुरशीने गेला, आणि तिने कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांचे आकडे उलटे लिहिले. मी तावातावाने गेलो. तिथले तरुण शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाले, "दादा, आधी दोन दिवस इथे बसून काम पाहा, मग भांडू." मी बसलो. आज तुम्हांला सांगणार आहे ते त्या दोन दिवसांत पाहिलेले आणि पुढे वाचून पडताळलेले.

आधी बाटलीचे. वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खे झाड होण्याची ताकद असावी, असा विचार हाबरलांट नावाच्या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडला. त्याच्या हयातीत त्याला तो सिद्ध करता आला नाही. १९५८ साली स्ट्यूअर्डने गाजराच्या मुळाच्या पेशींपासून रोपे उभी करून दाखविली. आज आपल्याकडे केळीची रोपे बाटलीतून येतात ती याच विद्येने. बाटलीत माती नसते. समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगारची खळ, तीत साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि वाढीची संप्रेरके. हे सारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, उकडून निर्जंतुक करतात. मग गाळलेल्या हवेच्या कपाटापुढे बसून, चिमटा ज्योतीत तापवून, पानाचा किंवा कोंबाचा तुकडा त्यात ठेवायचा. साखरेवर आपल्याइतकाच बुरशीचाही डोळा असतो. बाहेरची हवा आत शिरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाटलीत कापूस पिंजल्यासारखी पांढरी बुरशी दिसते, आणि ती बाटली टाकून द्यावी लागते.

आता जनुक. मातीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू राहतो. झाडाच्या बुंध्याशी गाठ येते तिचा करविता हाच, हे १९०७ साली अमेरिकेत उघड झाले. त्याची तऱ्हा पुढे कळली: तो आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. तलाठ्याच्या दप्तरात रातोरात फेरफाराची नोंद चढावी, आणि पुढे प्रत्येक उताऱ्यावर ती नोंद इमानाने उतरत जावी, तसा हा प्रकार. शास्त्रज्ञांनी त्यातला गाठ आणणारा भाग काढून तिथे आपल्याला हवा तो जनुक बसविला, आणि १९८३ साली अशी पहिली रोपे तयार झाली. बीटी कपाशीतला जनुकही मातीतल्याच दुसऱ्या एका जिवाणूचा, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा. त्या जनुकामुळे झाडात जे प्रथिन तयार होते ते बोंडअळीच्या आतड्याला बाधते. आपल्या देशात त्या कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांची कपाशी २००६ साली आली. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने तिलाही जुमानले नाही, हे तुम्ही जाणताच. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतमजूर दगावले. कपाशीचा हिशेब मांडताना ती माणसे वगळणे मला जमत नाही.

इथे एक अडचण आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. कपाशीची प्रत्येक जात बाटलीत उगवत नाही. तुकड्यापासून पुन्हा झाड होण्याच्या बाबतीत कपाशी मोठी हट्टी. कोकर ३१२ नावाची एक अमेरिकन जात त्यातल्या त्यात ऐकते, म्हणून जनुक तिच्यात घालतात. पण कोकर आपल्या काळ्या रानात काय कामाची? तेव्हा जनुक तिच्याकडून आपल्या जातीत आणावा लागतो, तो मात्र जुन्या पद्धतीने, संकर करून. कोकरचा आणि आपल्या जातीचा संकर केला की संततीत आपले रक्त निम्मे. ती संतती पुन्हा आपल्याच जातीशी लावायची, की आपले पाऊण. पुन्हा लावा, साडेसत्त्याऐंशी टक्के. असे सहा वेळा मूळ जातीकडे वळविले म्हणजे आपली जात ९९ टक्क्यांवर परत येते आणि पाहुणा म्हणून तो जनुक तेवढा राहतो. प्रत्येक पिढीत सुमारे निम्म्याच रोपांत जनुक उतरतो. कोणत्या, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक रोपाचे पान कुटून, त्यातला डीएनए काढून, पीसीआर यंत्राने तपासावा लागतो. निकाल एका खळीवर अतिनील प्रकाशात पट्टीसारखा चमकतो. (त्या खळीत मिसळण्याचा एक नेहमीचा रंग आरोग्याला घातक समजला जातो. हातमोजे किती जोड्या येतात, हा माझा पहिला प्रश्न होता.)

हे आपल्या गावाशी जुळते कुठे? नांदेडला कापूस संशोधन केंद्र निजामाच्या काळापासून आहे. या भागाची गावराणी कपाशी एके काळी धाग्यासाठी नावाजलेली होती; गावराणी-६ हे नाव जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहे. ती देशी जातीची, तिच्या पेशीत २६ गुणसूत्रे. अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२. त्यामुळे या दोघींची सोयरीक सहजासहजी जमत नाही. देशी कपाशीवर परभणीला वेगळे काम झाले. परभणी तुराब आणि विनायक हे सरळ वाण तिथलेच. नांदेडच्या केंद्राने १९८० च्या दशकात नांदेड-४४ हे अमेरिकन कपाशीचे संकरित वाण दिले आणि ते महाराष्ट्रभर पसरले. आमच्या मराठवाड्यातल्या एका सरकारी केंद्राचे बी विदर्भातला शेतकरी मागून नेत असे. पण २००२ नंतर खाजगी कंपन्यांची बीटी वाणे आली. नांदेड-४४ मध्ये तो जनुक नव्हता, म्हणून ते मागे पडले. पुढे कृषि विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने नांदेड-४४ मध्ये जनुक आणून ते पुन्हा बाजारात उतरविले. मधली वर्षे मात्र गेली ती गेलीच. सार्वजनिक संस्थेचे काम रेंगाळले तर बियाण्याचा भाव कोणाच्या हातात जातो, हे कोणाही दुकानदाराला कळेल.

त्या वर्षांचा हिशेब नांगराच्या फाळासारखा नव्हे, तर कुंडीवरच्या चिठ्ठीइतका बारीक असतो, हे मला त्या मुलीच्या प्रकरणात कळले. मी म्हणालो होतो, "चिठ्ठीतली चूक ती केवढीशी!" शास्त्रज्ञांनी वही पुढे ठेवली. जनुक १७ नंबरच्या रोपात होता. चिठ्ठी उलटी पडली आणि संकर ७१ नंबरवर झाला. पुढच्या पिढीत एकाही रोपात पट्टी चमकेना, तेव्हा उलगडा झाला. वर्षाला एक, फार तर दोन पिढ्या. त्यांतला एक हंगाम पाण्यात. तेवढ्यापुरता मी हरलो, आणि तसे कबूलही केले. मिलमध्ये धागा तुटला तर गाठ मारता येते. इथे गाठ मारता येत नाही.

बाटल्यांचे प्रकरण मात्र मी सोडले नाही. पहारेकऱ्याची वही मागितली. त्या दिवशी वीज गेल्यावर जनित्र चाळीस मिनिटांनी सुरू झाल्याची नोंद तीत सापडली. तेवढा वेळ हवेच्या कपाटाचा पंखा बंद होता. काम थांबवू का, असे मुलीने विचारले होते. घाणा आजच संपला पाहिजे, असे तिला वरून सांगण्यात आले होते. शिवाय कित्येक शे कुंड्यांच्या चिठ्ठ्या ती एकटी लिहीत होती आणि त्या ताडून पाहायला दुसरे कोणी नव्हते. शास्त्रज्ञ काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा, मीसुद्धा एका प्रकल्पावर वर्षाच्या करारानेच आहे. माझी सही इथे कोणी मानत नाही." ते खरे होते. आम्ही दोघे मिळून वर गेलो.

या उद्योगात प्रयोगशाळेबाहेरही हात लागतात, आणि बहुतेक ते बायकांचे असतात. संकरित बी यंत्राने होत नाही. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी उतरवायची, आतल्या स्त्रीकेसराला ओरखडा न लागू देता. वर कागदी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल आणून पराग लावायचा आणि दोरा बांधायचा. एका फुलामागे दोन खेपा, आणि फुले हजारांनी. सुरतेच्या डॉ. सी. टी. पटेलांनी १९७० साली एच-४ हे जगातले पहिले व्यापारी संकरित कापूस वाण दिले, ते अशाच नखांच्या जोरावर. ह्या नखांची मजुरी बियाण्याच्या पाकिटावर छापलेली नसते. शेतकऱ्याला मात्र दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. कारण संकरित झाडाचे बी पुढच्या वर्षी पेरले तर रान एकसारखे येत नाही. सरळ वाणाचे तसे नाही. २००१ च्या कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. छापील नावाखाली विकता तेवढे येत नाही. परभणीच्या सरळ वाणांचे मोल मी त्यासाठी जास्त मानतो. त्यांवर एवढा गाजावाजा कोणी करीत नाही, कारण त्यांत पाकिटाचा धंदा नाही.

मुलगी कामावर राहिली. चिठ्ठीच्या चुकीची लेखी समज तिने घेतली, ती घ्यावी असे मीच तिला सांगितले. आता चिठ्ठ्या दोघीजणी लिहितात, एक वाचते आणि दुसरी ताडते. आणि विजेच्या वेळा लिहिण्याची वही हवेच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. गेल्या खेपेस गेलो तेव्हा तिने मला एक बाटली उजेडाकडे धरून दाखविली. पानाच्या तुकड्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. "हे झाड व्हायला अजून कित्येक महिने आहेत, काका," ती म्हणाली, आणि बाटली जागेवर ठेवून तिने वहीत तारीख लिहिली.