रुग्णाचे हात बांधण्यापूर्वी

आमच्या चाळीतील एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणले म्हणून एका सरकारी रुग्णालयात दाखल झाले. दारूची सवय जुनी. तिसऱ्या रात्री त्यांनी सलाईनची सुई उपटली आणि "ड्युटीला जायचंय, गाडी चुकेल" म्हणत ते दाराकडे निघाले. वॉर्डबॉयने बँडेजची पट्टी वहिनींच्या हातात दिली. "ताई, बांधा यांना, नाहीतर सही करून घरी न्या." सकाळी आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांची मनगटे सुजली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्याच हातानं बांधलं हो."

वहिनींचा दोष आम्ही मानत नाही. ज्याने पट्टी दिली त्याचा मानतो.

नेहमी पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, फिटही येते. वृद्धांना ऑपरेशननंतर किंवा तापात असाच भ्रम होतो. हा हट्ट नव्हे, आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. पण डॉक्टरांना कळले तर ना! दाखल करताना विचारतात, तेव्हा आपण लाजेने "कधीमधी घेतात" म्हणतो. तिथेच घोटाळा होतो. बांधलेला माणूस अधिकच झटापट करतो. उताणा बांधलेला असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीवावर बेतते. वृद्धांना चष्मा द्यावा, दिवा चालू ठेवावा, ओळखीच्या माणसाने उशाशी बसावे. पुष्कळदा एवढ्यानेही माणूस निवळतो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधण्यास पूर्ण बंदी केली. इतर प्रकारे बांधायचे तर तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि गरज असेल तेवढाच वेळ. कारण व वेळ केसपेपरवर लिहायची, रुग्णाच्या नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचे. शिक्षा म्हणून किंवा निव्वळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. कायदा मानसिक आजारापुरता असला तरी हे माप कोणत्याही वॉर्डात लावून पाहावे. आपल्या हातात पट्टी आली तर विचारावे, "डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलंय का? लक्ष कोण ठेवणार?"

शुद्धीवर असलेला, सगळे समजणारा माणूस घरी जातो म्हणाला तर गोष्ट वेगळी. धोका नीट समजावून सांगणे डॉक्टरांचे काम. तरी तो जायचेच म्हणत असेल तर 'डामा'च्या कागदावर सही करून तो जाऊ शकतो. बिल थकले म्हणूनही अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत डिस्चार्जचा हक्क आहे. बेकायदा डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे.

मात्र तो का जातो हे विचारावे. बहुधा खाडा झाला की रोजंदारी बुडते, हेच कारण निघते. आम्हा पगारी रजा असणाऱ्या कारकुनांना "पडून राहा" म्हणणे सोपे जाते.

गृहस्थ औषधाने चौथ्या दिवशी भानावर आले. मनगट चोळत त्यांनी विचारले, "कुणी बांधलं गं मला?" वहिनींनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वॉर्डबॉयनं."