थंड समुद्रातील रंग आणि कॅमेरा

कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात पाण्याचे तापमान बहुधा १० ते १५ अंश सेल्सिअस असते, तरीही तेथील खडकांवरची रंगांची उधळण प्रवाळबेटांच्या तोडीस तोड आहे. वसंतात वायव्येचे वारे सुटले की पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरभरून वाढतात आणि त्यांच्यावर सारी जीवसृष्टी पोसली जाते.

पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेत असल्याने गुलाबी-लाल स्ट्रॉबेरी ॲनिमोन हे समुद्री जीवही खोलवर करडे भासतात आणि स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, चमकताच खऱ्या रंगात उजळतात. स्ट्रोब कॅमेऱ्यालगत न ठेवता बाजूला दूर ठेवावा, अन्यथा तरंगते कण प्रकाश परतवून छायाचित्रात पांढरे ठिपके उमटवतात.

येथील जीवांत सर्वांत विलोभनीय म्हणजे स्पॅनिश शॉल ही जांभळ्या अंगाची, नारिंगी झालरीची कवचहीन समुद्री गोगलगाय. तिचे हे रंग हायड्रॉइड या भक्ष्यातून मिळणाऱ्या ॲस्टाझँथिन या एकाच रंगद्रव्याची निरनिराळी रूपे आहेत. अशा जीवाला चांगल्या चित्रासाठी जागचे हलवू नये, ही छायाचित्रकारांना कळकळीची विनंती.