रेंज गेली तरी नकाशा चालतो

परवा रेवदंड्याहून मुरूडला जाताना एसटीत फोनची रेंज गेली. शेजारचे काका म्हणाले, "झालं, आता तुझं जीपीएस बंद!"

नाही हो काका. जीपीएसला नेट लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि ते पोचायला लागलेल्या वेळावरून आपली जागा काढतो. नेट लागतं ते नकाशा उतरवायला.

तो मी घरीच उतरवतो, ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपवर. त्यामागचा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकच भरताहेत. आमच्या वाडीतली विहीर मीच टाकलीय. (आधी शेजाऱ्यांच्या अंगणात पडली होती, मग सरकवली.)

"फुकट आहे म्हणजे माहिती चोरणार!" इति काका. अहो, या अ‍ॅपचा कोड खुला आहे, कुणीही वाचून तपासावा.

तुमची पाखाडी नकाशात आहे का? टाकताना अडलं तर विचारा.