मातीच्या बाहुल्या आणि दूरदेशीचे व्यापारी

लोणच्याच्या बरणीला आपण 'चिनी मातीची बरणी' म्हणतो. बरणी इथेच आपल्या देशात घडलेली असते, पण चीनचे नाव तिला कायमचे चिकटले आहे. व्यापारात असेच होते. आधी वस्तू येते, तिच्यामागून शब्द येतो आणि कधी कधी ती घडवण्याची रीतही येते. अशाच एका रीतीची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

आधी चीनकडे जाऊ. तेथे इ.स. ६१८ ते ९०७ या काळात तांग घराण्याची सत्ता होती. बडा माणूस वारला की त्याच्या थडग्यात मातीचे घोडे, उंट, नोकरचाकर, रखवालदार ठेवीत. परलोकात त्याला काही कमी पडू नये, ही त्यामागची समजूत. या मूर्तींचे भाग साच्यात दाबून काढीत, जोडीत आणि भाजीत. मग शिशाची झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालीत. तांब्यामुळे हिरवा रंग येई, लोखंडामुळे पिवळा-तपकिरी. झिलई वितळून ओघळे आणि रंग एकमेकांत मिसळत. त्यांची खरी शोभा त्या ओघळांतच आहे! उंटाशेजारी पुष्कळदा दाट दाढीचा, मोठ्या नाकाचा, टोकदार टोपी घातलेला माणूस असतो. तो चिनी नव्हे, मध्य आशियातून तांड्याबरोबर आलेला परदेशी. चिनी कुंभाराने त्याला पाहिले आणि मातीत उतरवून ठेवले.

आता आपल्याकडचे उदाहरण. हे थडग्यातले नाही, त्याला झिलईही नाही. पण ते तांग मूर्तींपेक्षा पाच-सहाशे वर्षांनी जुने आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. सातवाहन काळातील नगराचे अवशेष तेथे मिळाले. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती त्याच टेकडीवरची. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून ती आली! त्याच काळातील वस्ती आपल्या बेळगावात वडगाव-माधवपूर भागातही उजेडात आली आहे.

परंतु आम्हाला पोसायडनपेक्षा मातीच्या बाहुल्या अधिक बोलक्या वाटतात. कोल्हापूर, नेवासे, पैठण आणि विशेषतः धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे पांढऱ्या मातीच्या सुबक बाहुल्या सापडल्या आहेत. पूर्वी आपल्याकडे बहुधा एकच साचा वापरीत, त्यामुळे मूर्तीची पाठ सपाट राही. या बाहुल्यांना मात्र दोन साचे आहेत, एक पुढचा व एक मागचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धुके बाहेर काढून ओल्या मातीने सांधायची. बाहुली आतून पोकळ, म्हणून हलकी. भाजताना फुटू नये यासाठी छिद्र ठेवायचे. गणपतीच्या कारखान्यात साचे पाहिलेल्या मुलांना हे लगेच कळेल. ही दुहेरी साच्याची रीत रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडे रुजली, असे अनेक अभ्यासक मानतात.

म्हणजे आपण नक्कल केली काय? असा प्रश्न वर्गात हमखास येतो. आमचे उत्तर 'नाही' असे आहे. बाहुलीची केशरचना पाहा, कानातले, गळ्यातले पाहा. सारे दख्खनचे आहे. साचा बाहेरून शिकला, चेहरा घरचाच राहिला. आपण सीमाभागातली माणसे अक्का, अण्णा म्हणतो, ते शब्द कानडीतून आले. म्हणून आपली आक्का कुणी परकी होत नाही.

शिवाय देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तेरचे नाव 'तगर' असे येते. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई, अशी नोंद त्यात आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरलाही मिळाली आहे.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या टेकाडांवरून अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. पालकांनी मुलांना तेथे जरूर न्यावे. बाहुली समोरून पाहून झाली की बाजूनेही पाहा. काहींच्या कडेला दोन अर्धुकांच्या सांध्याची रेघ अजून दिसते.